इचिरो सुझुकीच्या हिट्स किती मानाव्यात: ३०८९ की ४३६७?

पाणवठा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सिॲटल परिसरातील आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात यंदा एक क्रीडा विभाग असणार आहे आणि त्यासाठी इचिरो सुझुकीवरचा लेख माझ्याकडे आला आहे. इचिरोला २०२५ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश मिळाला आणि त्याच उन्हाळ्यात सिॲटल मरिनर्स संघाने त्याचा ५१ हा क्रमांक कायमचा निवृत्त केला. त्यामुळे विषय ताजा आहे. लेख बराचसा लिहून झाला असला तरी एका वाक्यापाशी अडलो आहे.

ज्यांचा बेसबॉलशी फारसा संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. इचिरो हा आउटफिल्डर होता, म्हणजे चौकोनी इनफिल्डच्या पलीकडच्या गवतावर उभ्या राहणाऱ्या तीन क्षेत्ररक्षकांपैकी एक. त्याची हक्काची जागा राइट फिल्ड. १९९२ ते २००० या काळात तो जपानमध्ये ओरिक्स ब्लूवेव्ह संघाकडून खेळला आणि तिथे त्याने १२७८ हिट्स मारल्या (हिट म्हणजे क्षेत्ररक्षकाच्या चुकीशिवाय, चेंडू मारून सुखरूप बेसवर पोहोचणे; फर्स्ट, सेकंड, थर्ड असे बेस ओलांडून मूळ जागी परतले की धाव होते). २००१ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो सिॲटलला आला आणि २०१९ पर्यंत अमेरिकेतील मेजर लीगमध्ये त्याच्या ३०८९ हिट्स झाल्या. दोन्ही मिळून ४३६७. मेजर लीगचा विक्रम पीट रोझच्या नावावर असून तो ४२५६ आहे.

आता माझा प्रश्न. इचिरोला 'जगात सर्वाधिक हिट्स मारणारा व्यावसायिक फलंदाज' म्हणणे योग्य ठरेल का? की दोन देशांतील आकड्यांची बेरीज करणेच मुळात चुकीचे आहे? माझा स्वतःचा कल बेरजेकडे आहे, कारण माणूस एक, बॅट धरणारे हात तेच आणि समोरचे गोलंदाजही दोन्हीकडे पोटापाण्यासाठीच खेळणारे. तथापि अंक छापला जाण्यापूर्वी जाणकारांची मते ऐकावीत, विशेषतः विरोधी मते, म्हणून हा धागा काढला आहे.

डावखुरा_फिरकीपटू

विषय आवडला, परंतु मी बेरजेच्या पूर्ण विरोधात आहे. आपण क्रिकेटमध्ये कसोटीतल्या धावा आणि प्रथम श्रेणीतल्या धावा वेगवेगळ्या लिहितो. एखाद्याने रणजीत धावांचे डोंगर उभे केले म्हणून त्या कसोटीच्या खात्यात कुणी जमा करीत नाही. जपानची लीग चांगली असेल, उत्तम असेल, पण जगातले सर्वोत्तम खेळाडू जिथे एकत्र येतात ती जागा मेजर लीगच आहे. तेव्हा ३०८९ हाच आकडा छापावा. तो काही लहान नाही.

टोकियोकर

डावखुरा, तुमची तुलना मला पटत नाही. रणजी ही भारतीय संघाची खालची पायरी आहे. तिथे खेळायचे ते वर जाण्यासाठी. जपानची व्यावसायिक लीग कुणाच्याही खालची पायरी नव्हे. तिथे एका देशाचे सर्वोत्तम खेळाडू आयुष्यभर खेळतात, मैदाने भरलेली असतात आणि निवृत्तीनंतर त्या देशाच्या स्वतःच्या हॉल ऑफ फेममध्ये जातात. इचिरो २०२५ साली तिथेही निवडला गेला.

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे इथे आहे आणि इथल्या सहकाऱ्यांशी बोलताना जाणवते की, त्यांच्या लेखी इचिरो सिॲटलला जाण्याच्या पुष्कळ आधीच मोठा झालेला होता. आयची प्रांतातल्या या मुलाला ओरिक्सने १९९१ च्या निवड प्रक्रियेत चौथ्या फेरीत घेतले, म्हणजे त्याच्याविषयी कुणाला फार मोठ्या अपेक्षा नव्हत्या. पहिली दोन वर्षे तर बहुतांशी दुय्यम संघात गेली, कारण चेंडू येताना पुढचा पाय लंबकासारखा झुलवण्याची त्याची पद्धत तेव्हाच्या व्यवस्थापकांना मान्य नव्हती. १९९४ साली अकिरा ओगी व्यवस्थापक झाले. त्यांनी त्याला त्याच्या पद्धतीने खेळू दिले आणि नोंदणीतले नावही 'सुझुकी'ऐवजी नुसते 'इचिरो' केले. त्या वर्षी १३० सामन्यांत त्याने २१० हिट्स मारल्या. जपानमध्ये एका मोसमात २०० चा टप्पा त्यापूर्वी कुणीही ओलांडला नव्हता. तिथून २००० पर्यंत सलग सात वर्षे तो आपल्या लीगचा सर्वोच्च सरासरीचा (फलंदाजीच्या संधींमागे हिट्सच्या प्रमाणाचा) फलंदाज होता.

आणि कोबे विसरून कसे चालेल? १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सहा हजारांहून अधिक माणसे गेली. ओरिक्सचे मैदान त्याच शहरात होते. त्या वर्षी संघ बाहीवर 'गानबारो कोबे', म्हणजे 'कोबे, हिंमत धरूया', अशी अक्षरे लावून खेळला आणि पॅसिफिक लीग जिंकला; पुढच्या वर्षी योमिउरी जायंट्सला हरवून जपान सिरीजही जिंकला. त्या दोन मोसमांतल्या हिट्स मोजायच्या नाहीत, असे कोबेतल्या माणसाला सांगायला मी तरी धजावणार नाही.

कैरीचे_पन्हे

टोकियोकर, कोबेबद्दल ठाऊक नव्हते. सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आकडेमोड

धाग्याचा विषय हिट्सची बेरीज असला तरी त्याच्या आधीचा एक प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे हिट्स हेच मोजमाप पुरेसे आहे का. इचिरोच्या खेळाचा मी आदर करतो, परंतु त्याच्या हिट्सपैकी फार मोठा वाटा सिंगल्सचा, म्हणजे फक्त फर्स्ट बेसपर्यंत नेणाऱ्या हिट्सचा, आहे. २००४ साली त्याने २६२ हिट्स मारून जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला, त्यातल्या २२५ सिंगल्स होत्या. मेजर लीगच्या एकोणीस मोसमांत त्याचे होमरन ११७. चार चेंडू सोडून फुकट बेस मिळवणे, ज्याला वॉक म्हणतात, ते त्याने फार कमी केले. परिणामी सरासरी ०.३११ असूनही बेसवर पोहोचण्याचे त्याचे प्रमाण ०.३५५ च आहे. ज्या २००४ साली त्याने विक्रम केला, त्याच वर्षी मरिनर्स ९९ सामने हरले. तेव्हा ४३६७ की ३०८९ या वादात, धावा कशा होतात हा मूळ मुद्दा हरवू नये असे वाटते.

उजवी_सीमारेषा

आकडेमोड यांचे आकडे अचूक आहेत, पण त्यांत अर्धा इचिरोच आला आहे. धागाकर्त्यांनी 'आउटफिल्डर' हा शब्द वापरला आणि नंतर सगळी चर्चा बॅटकडे वळली.

राइट फिल्डमधून थर्ड बेसपर्यंतची फेक ही क्षेत्ररक्षणातली सर्वांत लांब आणि अवघड फेकींपैकी एक. म्हणूनच ज्याचा हात सर्वांत दमदार असतो त्याला सहसा तिथे उभे करतात. ११ एप्रिल २००१ चा ओकलंडमधला सामना पाहा. इचिरोला अमेरिकेत येऊन जेमतेम दहा दिवसांचे सामने झाले होते. ओकलंडचा टेरेन्स लाँग फर्स्ट बेसवर होता. पुढच्या फलंदाजाने राइट फिल्डकडे सिंगल मारली. अशा वेळी चपळ धावपटूने सेकंड ओलांडून थर्डकडे जाणे हा रोजचा हिशेब असतो, आणि लाँगने तेच केले. इचिरो चेंडूवर धावत आला, उचलला आणि त्याच वेगात फेकला. चेंडू वर चढला नाही, टप्पाही पडला नाही. सरळ रेषेत येऊन थर्ड बेसवरच्या डेव्हिड बेलच्या ग्लव्हमध्ये, अगदी बेसलगत शिरला. बेलला हात हलवण्याचेही विशेष कारण नव्हते, कारण लाँगचा पाय जिथे येणार होता तिथेच ग्लव्ह होता. पुढची कित्येक वर्षे 'ती फेक' एवढेच म्हटले तरी सिॲटलकरांना कळत असे.

याचा धावांशी काय संबंध, असे विचाराल, तर तो असा. त्या दिवसानंतर इचिरोकडे चेंडू गेला की धावपटू सेकंड बेसवर थांबू लागले. जो धावपटू धावलाच नाही त्याची नोंद कुठल्याही धावफलकावर होत नाही. २००१ ते २०१० या दहाही वर्षी त्याला गोल्ड ग्लव्ह हा उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळाला, आणि जपानमध्येही त्याआधी सलग सात वर्षे त्याच तोडीचा पुरस्कार मिळत होता. हा माणूस सतरा वर्षे सलग आपल्या लीगमधल्या सर्वोत्तम आउटफिल्डरांमध्ये होता, हे वाक्यही दिवाळी अंकात यावे.

पाणवठा

उजवी_सीमारेषा, हे वाक्य नक्की घेतो. आकडेमोड, सिंगल्सविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की, त्या सिंगल्स सोप्या नव्हत्या. डावखुरा फलंदाज फर्स्ट बेसच्या एक पाऊल जवळ उभा असतो आणि इचिरो चेंडू मारता मारताच धावायला लागलेला असे. साधा, जमिनीवरून गेलेला चेंडू शॉर्टस्टॉपने (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने) किंचित सावकाश उचलला तरी हा बेसवर पोहोचलेला असायचा. बेसवर पोहोचला की पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या, डोक्याला दुसरा ताप, कारण मेजर लीगमध्ये त्याने ५०९ बेस चोरले आहेत, म्हणजे चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला आहे. २००१ साली सरासरी ०.३५०, हिट्स २४२, चोरलेले बेस ५६, आणि संघाचे विजय ११६, जे १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाइतके होते. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही किताब त्यालाच मिळाले. एकाच वर्षी दोन्ही मिळवणारा त्याच्या आधी फक्त फ्रेड लिन होता, १९७५ साली.

डावखुरा_फिरकीपटू

हे सगळे मान्य. परंतु पाणवठा, तुम्ही सांगितलेले सगळे पराक्रम मेजर लीगमधले आहेत. माझा मुद्दा तसाच उभा आहे.

जुनी_वही

डावखुरा यांच्या मुद्द्याला मेजर लीगनेच अलीकडे एक उत्तर देऊन ठेवले आहे. १९४७ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगचे दरवाजे बंद होते आणि ते त्यांच्या स्वतःच्या नीग्रो लीगमध्ये खेळत. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील अशा सात लीगना 'मेजर' दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले. त्यामुळे कारकिर्दीच्या सरासरीत टाय कॉबच्या जागी ०.३७२ सरासरीचा जॉश गिब्सन पहिला आला. विली मेज या थोर आउटफिल्डरच्या खात्यात १९४८ सालच्या बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळलेल्या सामन्यांतल्या दहा हिट्स जमा झाल्या आणि त्याची एकूण संख्या ३२८३ वरून ३२९३ झाली. सांगायचे ते इतकेच की, कुठली लीग 'मोठी' हे माणसेच ठरवतात आणि तो निर्णय बदलताही येतो.

डावखुरा_फिरकीपटू

उदाहरण मोलाचे आहे, परंतु ते इथे लागू होत नाही. मेज आणि गिब्सन यांच्यावर वर्णभेदामुळे अन्याय झाला होता आणि उशिरा का होईना तो दुरुस्त करणे आवश्यक होते. गिब्सनला तर मेजर लीगमध्ये कधीच खेळू दिले नाही. इचिरोला कुणी रंगावरून अडवले नव्हते.

टोकियोकर

रंगावरून अडवले नव्हते, हे खरे. आणि त्या अन्यायाशी याची बरोबरी मीही करणार नाही. पण दार उघडे होते असेही नाही. १९६४-६५ मध्ये मासानोरी मुराकामी हा पिचर सॅन फ्रान्सिस्कोकडून खेळला आणि त्याच्यावरून दोन्ही देशांच्या संघांत वाद झाल्यावर जवळजवळ तीस वर्षे एकही जपानी खेळाडू तिकडे गेला नाही. १९९५ साली हिदेओ नोमोला जाता यावे म्हणून जपानमध्ये चक्क निवृत्ती जाहीर करावी लागली. बोली लावून खेळाडू सोडण्याची रीतसर पद्धत दोन्ही लीगनी १९९८ मध्ये ठरवली आणि तिचा लाभ घेऊन इचिरो २००० च्या अखेरीस निघाला. त्याच्याशी नुसते बोलण्याच्या हक्कासाठी सिॲटलने ओरिक्सला एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मोजली. शिवाय तोवर अमेरिकेत गेलेले जपानी सगळे पिचर होते. रोज मैदानात उतरणारा जपानी फलंदाज तिथे टिकेल यावर तिथल्या अनेकांचा विश्वासच नव्हता.

कैरीचे_पन्हे

माझी मुलगी न्यू जर्सीत शाळेच्या संघातून सॉफ्टबॉल खेळते आणि राइट फिल्डलाच उभी राहते, म्हणून या धाग्यावर रेंगाळले आहे. तिच्या प्रशिक्षकांनी मुलींना इचिरोच्या चित्रफिती दाखवल्या होत्या, पण फलंदाजीच्या नव्हे. पिचर चेंडू टाकायच्या आधी तो मैदानात गुडघे, खांदे, घोटे कसे सैल करीत राहतो आणि सामन्यानंतर आपला ग्लव्ह स्वतः कसा पुसतो, हे दाखवले. तेव्हापासून आमच्याकडे रात्री जेवणानंतर मुलगी ग्लव्हला तेलाचे बोट लावते, शिवणीतली माती जुन्या दातांच्या ब्रशने काढते आणि मध्ये चेंडू ठेवून वर फडके बांधते. आधी तोच ग्लव्ह गाडीच्या डिकीत उन्हात वाळत पडलेला असे. आकड्यांत मला फार गती नाही, पण पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत शरीर टिकवणाऱ्या माणसाची रोजची शिस्त अंकात यावी, ही विनंती.

तसेच २०१२ चा तो दिवस. न्यूयॉर्क यांकीजने त्याला २३ जुलैला घेतले आणि योगायोगाने त्या रात्री यांकीजचा सामना सिॲटलमध्येच होता. अकरा वर्षे ज्या मैदानावर खेळला तिथेच तो पाहुण्यांच्या करड्या गणवेशात उतरला, हेल्मेट काढून प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि सिंगल मारली. यांकीजमध्ये ५१ हा बर्नी विल्यम्सचा क्रमांक म्हणून त्याने तो मागितला नाही आणि ३१ घातला.

उजवी_सीमारेषा

कैरीचे_पन्हे, तुमच्या मुलीला शुभेच्छा. तिला सांगा की, राइट फिल्डवर चेंडू कमी येतात म्हणून ती दुय्यम जागा नव्हे. फर्स्ट बेसकडे फेकलेला प्रत्येक चेंडू चुकलाच तर तो आपल्याकडे येणार, हे धरून पाठीमागे धावायचे असते.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे वळतो. बेरीज करायचीच असेल तर प्रामाणिकपणे सगळी करावी. पीट रोझच्या ४२५६ हिट्स ३५६२ सामन्यांत आणि १४०५३ वेळा फलंदाजी करून आल्या. इचिरोच्या ४३६७ हिट्स ३६०४ सामन्यांत आणि १३५५३ वेळा फलंदाजी करून आल्या. म्हणजे सामने थोडे जास्त, पण फलंदाजीच्या संधी बरोबर ५०० ने कमी, आणि तरी हिट्स जास्त. १५ जून २०१६ रोजी सॅन डिएगोमध्ये तो रोझच्या आकड्यापुढे गेला तेव्हा रोझने जाहीरपणे आक्षेप घेतला की, जपानमधली लीग मेजर लीगच्या तोडीची नाही. आक्षेपात तथ्य आहे, कारण इचिरोची जपानमधली सरासरी ०.३५३ होती आणि अमेरिकेत ती ०.३११ झाली. मात्र अमेरिकेतल्या आकड्यात त्याची चाळिशीनंतरची वर्षेही धरलेली आहेत, हे त्याबरोबर सांगायला हवे.

दुसरी बाजूही पाहावी लागेल. जपानमध्ये त्याच्या काळात मोसम १३० ते १३५ सामन्यांचा होता, अमेरिकेत १६२ चा. विसाव्या-एकविसाव्या वर्षी तो अमेरिकेत असता तर सामने अधिक मिळाले असते, गोलंदाजी अधिक कठीण मिळाली असती. या दोहोंची वजाबाकी करून येणारा आकडा केवळ अंदाज असेल, म्हणून तो छापू नये. पण २००१ ते २०१० या दहा वर्षांत त्याने दरवर्षी २०० हून अधिक, एकूण २२४४ हिट्स मारल्या, हे निखळ सत्य आहे. सलग दहा मोसम २०० चा टप्पा दुसऱ्या कुणालाही गाठता आलेला नाही. रोझच्या नावावरही असे दहा मोसम आहेत, पण ते सलग नाहीत.

सिंगल्सविषयीचे माझे मत मी बदललेले नाही. फेकीविषयीचा उजवी_सीमारेषा यांचा मुद्दा मात्र रास्त आहे.

जुनी_वही

हॉल ऑफ फेमच्या मतदानात ३९४ पैकी ३९३ मते पडली. ज्या एका पत्रकाराने मत दिले नाही त्याला घरी बोलावून सोबत एक पेय घेण्याची इच्छा इचिरोने व्यक्त केली होती. पुढे जुलैमध्ये कूपर्सटाउनच्या (हॉल ऑफ फेम जिथे आहे त्या गावातल्या) समारंभात, संपूर्ण इंग्रजीत केलेल्या भाषणात, त्या आमंत्रणाची मुदत संपल्याचे त्याने हसत हसत जाहीर केले. सिॲटलच्या वाचकांना हे आवडेल.

डावखुरा_फिरकीपटू

बरीच चर्चा झाली, तेव्हा माझी भूमिका नेमकी मांडतो. टोकियोकर आणि आकडेमोड यांचे वाचल्यावर ४३६७ हा आकडा लेखात यावा, याला माझा विरोध उरलेला नाही. विरोध 'विक्रम' या शब्दाला आहे. विक्रमासाठी एक स्पर्धा, एक नियमावली आणि एक नोंदवही लागते. बेरीज ही एका माणसाच्या श्रमाची मोजदाद आहे, आणि ती जरूर द्यावी.

पाणवठा

सर्वांचे आभार. अंकात पुढील मजकूर जाईल: 'इचिरोने जपानमध्ये नऊ मोसमांत १२७८ आणि अमेरिकेत एकोणीस मोसमांत ३०८९ हिट्स मारल्या. दोन्ही देशांच्या सर्वोच्च लीगमधल्या मिळून ४३६७ हिट्स दुसऱ्या कोणत्याही फलंदाजाच्या नावावर नाहीत. मेजर लीगमधला ४२५६ चा विक्रम पीट रोझचाच आहे.' त्यानंतर कोबे, ओकलंडची फेक आणि ग्लव्हची निगा यांवर एकेक परिच्छेद असेल.

टोकियोकर

मजकूर चोख आहे. जागा असेल तर २००९ च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकचा अंतिम सामनाही घ्या. स्पर्धाभर त्याची बॅट चालत नव्हती आणि लॉस एंजेलिसमध्ये कोरियाविरुद्ध दहाव्या इनिंगमध्ये त्याच्या सिंगलने दोन धावा मिळवून जपानला विजेतेपद दिले. ती सिंगल ३०८९ मध्येही नाही आणि ४३६७ मध्येही नाही, पण जपानमध्ये कुणालाही विचारा, पहिल्यांदा तीच सांगतील.

आकडेमोड

याला माझे पूर्ण अनुमोदन. ती सिंगल नक्की घ्या.